उत्तर देणारं यंत्र

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये सिम८००एल नावाचं एक मॉड्यूल मिळतं. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबी-रुंदीची पाटी, मागे सिमकार्डाची खाच, कडेला पिनांच्या दोन रांगा आणि तारेच्या वेटोळ्याचा अँटेना. दिल्ली, नोएडा, फरीदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ते घेऊन जातात. कुणाला शेतातला पंप फोनवरून सुरू करायचा असतो, कुणाला गच्चीवरची टाकी भरल्याचा एसएमएस हवा असतो. काम कोणतंही असो, सुरुवात एकच. मॉड्यूल लॅपटॉपला जोडायचं, टर्मिनलची खिडकी उघडायची, इंग्रजी ए आणि टी ही दोन अक्षरं टाइप करायची आणि एंटर दाबायचं. तारा नीट जोडलेल्या असतील आणि वीज पोचत असेल तर खालच्या ओळीत उत्तर उमटतं: ओके.

हा संवाद १९८१ सालचा आहे. त्या मुलांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, आणि ज्या यंत्रासाठी तो रचला गेला ते यंत्र आता भंगारातही सापडत नाही. यंत्र गेलं, कंपनी बुडाली, टेलिफोनच्या तारांवरून संगणक जोडायची पद्धत संपली. भाषा मात्र राहिली. कॉम्प्युटरच्या जगात चार दशकं टिकलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली ही सर्वांत साधी. ती का टिकली याचं माझ्यापुरतं उत्तर असं की, ती माणसाला वाचता येते आणि विचारलं की यंत्र खरं काय ते सांगतं. दिल्लीत या भाषेचा जो वापर झाला, त्यातून हे विशेष नीट कळतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी १९७७ साली घरच्या जेवणाच्या टेबलावर मॉडेम बनवायला सुरुवात केली. मॉडेमचं काम आकड्यांचे आवाज करून टेलिफोनवर पाठवणं आणि पलीकडून आलेल्या आवाजांचे पुन्हा आकडे करणं. त्या काळी बहुतेक ठिकाणी नंबर माणसाने फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर रबरी कपांच्या पेटीत ठेवायचा, अशी रीत होती. हेज कंपनीचे पहिले मॉडेम संगणकाच्या आत बसणारी कार्डं होती; ती नंबर फिरवू शकत, पण प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळं कार्ड लागे. बाहेर ठेवायचा, कोणत्याही संगणकाला चालणारा मॉडेम करायचा तर एक अडचण होती. बाहेरच्या मॉडेमला संगणकाकडून जाणारी तार एकच. मजकूरही तिच्यावरून जाणार आणि 'नंबर फिरव', 'फोन ठेव' हे हुकूमही तिच्यावरूनच. कोणता मजकूर आणि कोणता हुकूम, हे मॉडेमला कळायचं कसं?

उत्तर म्हणून त्यांनी मॉडेमला दोन अवस्था दिल्या. फोन लागलेला नसतो तेव्हा मॉडेम हुकमाची वाट पाहतो. फोन लागला की तो बाजूला होतो आणि आलेलं प्रत्येक अक्षर न वाचता पुढे पाठवतो. १९८१ साली ३०० बिट प्रतिसेकंद वेगाचा, २९९ डॉलरचा 'स्मार्टमॉडेम' असा बाजारात आला. त्याचा प्रत्येक हुकूम ए आणि टी यांनी सुरू होई. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर: टोनने नंबर लाव. 'एटीडीपी': जुन्या पद्धतीने, पल्स देत लाव. 'एटीए': आलेला फोन उचल. 'एटीएच': फोन ठेव. 'एटीझेड': सगळं विसरून पहिल्यासारखा हो. हुकमाची ओळ जास्तीत जास्त ४० अक्षरांची. आणि ए पाठोपाठ तिरकी रेघ टाकली की आधीचा हुकूम पुन्हा, त्याला एंटरचीही गरज नाही. नंबर एंगेज लागत असेल तर ही दोन अक्षरं किती उपयोगी, हे ज्याने रात्री डायल-अप केलं आहे त्याला सांगायला नको.

अटेन्शनची पहिली दोन अक्षरं म्हणून ए-टी, हे सगळे जाणतात. त्या निवडीमागचं गणित त्याहून सुंदर आहे. संगणक किती वेगाने बोलतो आहे हे मॉडेमला आधी ठाऊक नसतं. सिरिअल तारेवर प्रत्येक अक्षराआधी एक शून्य बिट जातो आणि मग अक्षराचे बिट उलट्या क्रमाने, शेवटचा आधी. ए चा आकडा ६५, म्हणजे शेवटचा बिट एक. त्यामुळे तार आधी खाली जाते आणि बरोबर एका बिटाच्या वेळाने वर येते. तेवढा काळ मोजला की वेग कळला: ३०० च्या वेगाला तीन मिलिसेकंदांहून थोडा अधिक, ९,६०० ला मिलिसेकंदाचा दहावा भाग. पॅरिटी, म्हणजे चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट कोणत्या रीतीचा, तेही ओळखायचं असतं. ए मध्ये एक हा बिट दोनदा येतो, टी मध्ये तीनदा. एक सम, दुसरा विषम. दोन्हींचे जादा बिट ताडून पाहिले की रीत उघड होते. लहान लिपीतल्या ए-टीलाही हे जमतं, तिथे तीन आणि चार. पण एक अक्षर मोठं आणि एक लहान लिहिलं तर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम होतात आणि मॉडेमला काही कळत नाही. म्हणून जुने मॉडेम मोठी ए-टी ऐकत, लहान ऐकत, मिसळलेली ऐकत नसत. हुकमाच्या पहिल्या दोन अक्षरांतच समोरच्याची बोलण्याची ढब ओळखून घ्यायची, ही युक्ती मला आजही थक्क करते.

दुसरी युक्ती हेदरिंग्टन यांची. फोन लागल्यावर मॉडेम मजकूर न वाचता पुढे पाठवतो, मग त्याला पुन्हा हुकूम ऐकायला कसं बोलवायचं? अधिकची तीन चिन्हं, '+++', आणि त्यांच्या आधी व नंतर एकेक सेकंदाची शांतता. मजकुरात तीन अधिक सहज येऊ शकतात. पण संगणक फाइल पाठवत असताना मध्येच नेमका एक सेकंद थांबला, तीन अधिक पाठवले आणि पुन्हा एक सेकंद थांबला, असं आपोआप होणं जवळजवळ अशक्य. चिन्हापेक्षा शांतता महत्त्वाची. या कल्पनेचं पेटंट १९८५ मध्ये मिळालं आणि हेज कंपनीने ते जिवापाड जपलं. इतर कंपन्यांना परवान्याचे पैसे भरावे लागत. काहींनी पैसे वाचवण्यासाठी शांतता वगळून नुसती चिन्हं ठेवली. त्याचे परिणाम दहा-बारा वर्षांनी दिसले. पुढे त्यावर येतोच.

भारतात ही भाषा आधी माणसांनी नव्हे, यंत्रांनी बोलली. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि दिल्लीत खुद्द तो विभाग. १९८७ पासून मुंबईतल्या दोन संस्थांमध्ये डायल-अपवर ईमेल जाऊ लागली. संगणकाने ठरल्या वेळी दुसऱ्या संगणकाला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. त्यासाठी एक छोटी फाइल लिहावी लागे: ओके ची वाट पाहा, मग नंबर लाव, कनेक्ट ची वाट पाहा, मग नाव सांग. माणूस पडद्यावर जे वाचतो तेच प्रोग्रॅम वाचत होता. यंत्रासाठी वेगळी सांकेतिक भाषा आणि माणसासाठी वेगळी, असा भेद ठेवला नाही, त्यातच या भाषेच्या दीर्घायुष्याचं अर्धं कारण आहे असं मी मानतो. दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये ९.६ किलोबिटची कायमची लाइन १९९१ च्या जानेवारीत आली. तोवर सगळी भिस्त फोन लावण्यावर.

सामान्य दिल्लीकराच्या घरी मॉडेम आला तो १९९५ नंतर. त्या वर्षी पंधरवड्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ३१ जुलैला कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. निगमचे अध्यक्ष होते बी. के. सिंगल. सुरुवात गडबडीची झाली आणि ते सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं. टीसीपी/आयपी खात्याला वर्षाला १५ हजार रुपये, नुसता मजकूर दाखवणाऱ्या शेल खात्याला ५ हजार. पुढे विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं आलं. दिल्लीच्या ईमेल पत्त्यात 'जीआयएएसडीएल०१' अशी अक्षरं असत, मुंबईच्या पत्त्यात 'डीएल'च्या जागी 'बीएम'. पत्ता पाहून माणूस कोणत्या गावचा ते कळे.

मॉडेम मिळायचे नेहरू प्लेसला. दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, उभारलेल्या त्या इमारतींच्या चौकात देशातला सर्वांत मोठा कॉम्प्युटर बाजार भरत असे आणि अजून भरतो. अमेरिकेचे यूएस रोबोटिक्स महाग, म्हणून बरेचजण डी-लिंक घेत. मराठी वाचकाला हे सांगायलाच हवं की डी-लिंकचं भारतातलं काम गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चाले. ते उभं केलं के. आर. नाईक यांनी. दिल्लीच्या टेबलांवर लुकलुकणारे ते दिवे वेर्ण्याहून निघालेल्या खोक्यांतून येत.

घरी आणलेला मॉडेम लगेच चालेच असं नाही. मॉडेमची जन्मजात समज अमेरिकेच्या फोनची. तिथला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांचा. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. फोन कानाला लावला तर टोन स्पष्ट ऐकू येतोय आणि मॉडेम म्हणतो, 'नो डायलटोन'. अशा वेळी जाणकार सांगत, 'एक्स-थ्री टाक.' एटीएक्स३ म्हणजे डायल टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर लाव. ऑफिसातल्या अंतर्गत एक्स्चेंजमागे, म्हणजे ईपीएबीएक्समागे, बसलेल्यांनाही हाच उपाय, कारण तिथला आतला टोन आणखी वेगळा. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य, मग दोन सेकंद थांबण्यासाठी स्वल्पविराम, मग नंबर. जुन्या एक्स्चेंजला टोन कळत नसेल तर टीच्या जागी पी. मग मॉडेम खट-खट-खट असे ठोके देई, शून्याला पुरे दहा, सेकंदाला दहा ठोक्यांच्या वेगाने. तेव्हा दिल्लीचे नंबर सात आकडी होते. पल्सवर एक नंबर फिरायला कित्येक सेकंद जात आणि ते मॉडेमच्या धीराच्या मुदतीतून वजा होत.

ही मुदतही बदलता येई. मॉडेमच्या आत एस या अक्षराने ओळखले जाणारे कप्पे असत, प्रत्येकात एक आकडा. एस० मध्ये कितव्या घंटीला फोन उचलायचा ते. शून्य म्हणजे उचलायचाच नाही. एस७ मध्ये पलीकडच्या शिट्टीसाठी किती सेकंद थांबायचं ते. एस१० मध्ये शिट्टी तुटल्यावर किती दशांश सेकंद धीर धरायचा ते. मुळात हा आकडा १४, म्हणजे दीड सेकंदाहूनही कमी. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलीत पाणी शिरलं की लाइनवर खरखर आणि टकटक सुरू होई, क्षणभर शिट्टी विरली की मॉडेम फोन ठेवून देई. लोक एस१० वाढवून पाहत. 'एटीएस७?' असं विचारलं की मॉडेम आकडा सांगे; 'एटीएस७=९०' म्हटलं की बदले; '&डब्ल्यू' जोडलं की वीज गेली तरी लक्षात ठेवी. दिल्लीच्या उन्हाळ्यात या शेवटच्या सोयीची किंमत फार.

पण या भाषेचं खरं मोल हुकमांत नाही, उत्तरांत आहे. 'नो डायलटोन' आलं तर दोष घरच्या तारेत किंवा एक्स्चेंजपर्यंतच्या जोडणीत, म्हणजे फोन कंपनी एमटीएनएलच्या लाइनमनला बोलवा. 'बिझी' आलं तर लाइन ठीक आहे, पलीकडचे मॉडेम सगळे गुंतलेत, म्हणजे व्हीएसएनएलची क्षमता कमी पडते आहे. 'नो कॅरियर' आलं तर फोन उचलला गेला पण दोन यंत्रांचं जमलं नाही, किंवा जमलेलं तुटलं. वेग कमी करून पाहा, घरात कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला का ते विचारा. 'एरर' आलं तर टाइप करणाराच चुकला. चार उत्तरं, चार जबाबदार. ज्या शहरात फोन, इंटरनेट आणि वीज प्रत्येकी वेगळ्या संस्थेकडे होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत होता, तिथे टेबलावरची ही पेटी दोष कुणाचा ते एका ओळीत सांगत होती. ग्राहकाच्या हातात इतकं नेमकं साधन नंतर क्वचितच आलं. आजचं अ‍ॅप 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं, आणि काय चुकलं हे त्याला ठाऊक असूनही सांगत नाही. मला हे अधोगतीचं लक्षण वाटतं.

ही विद्या पसरली कशी, याची एक वाट दिल्लीतूनच जाते. सायबर मीडियाचं 'पीसी क्वेस्ट' मासिक दिल्लीहून निघे, आणि त्यात अतुल चिटणीस डेटा कम्युनिकेशनवर लिहीत. जर्मनीत जन्मलेले, बेळगावात इंजिनिअरिंग शिकलेले आणि बंगळुरूला स्थायिक झालेले चिटणीस १९८० च्या दशकाच्या शेवटापासून सीआयएक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चालवत होते: एका संगणकाला मॉडेम जोडायचा, एस० मध्ये एक टाकायचा आणि जो फोन करील त्याला पत्रं, फाइली, चर्चा उघडून द्यायच्या. हौशी माणसांनी चालवलेली ही सार्वजनिक सेवा होती. दूरसंचार विभागाने अशा बोर्डांकडून वर्षाला १५ लाख रुपयांच्या परवाना शुल्काची अपेक्षा धरली, त्याविरुद्ध दिल्ली-मुंबई-बंगळुरूच्या मंडळींना झगडावं लागलं. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट'ने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, त्यामागेही चिटणीस होते. लिनक्सवर इंटरनेट लावायचं तर मॉडेमशी काय बोलायचं ते स्वतः फाइलीत लिहावं लागे. एटीझेड, ओके, एटीडीटी, कनेक्ट. लहान गावांतल्या कितीतरी मुलांनी ही अक्षरं त्या मासिकामुळे शिकून घेतली. चिटणीस २०१३ मध्ये कर्करोगाने गेले. वय अवघं ५१.

डायल-अपच्या त्याच काळात श्रीमंत ऑफिसांत आयएसडीएन आलं. यात आवाज नाहीच, टेलिफोनची तार थेट आकडेच नेते: ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या आणि इशाऱ्यांसाठी १६ किलोबिटची तिसरी. संगणकाशी जोडायला जी पेटी लागते तिला टर्मिनल अ‍ॅडॉप्टर म्हणतात. ती मॉडेम नव्हे, कारण तिला आकड्यांचे आवाज करायचेच नसतात. पण संगणकातले सगळे प्रोग्रॅम मॉडेमशीच बोलायला शिकलेले. म्हणून बनवणाऱ्यांनी अ‍ॅडॉप्टरलाही एटी शिकवलं. त्याला 'एटीडीटी' म्हटलं तर टी या अक्षराला काही अर्थ नसतो, तरी तो विनातक्रार नंबर लावतो, सेकंद-दोन सेकंदांत जोडणी होते. आणि फोन तुटला की तो 'नो कॅरियर' म्हणतो, जरी त्याच्या तारेवर कॅरियर नावाची शिट्टी कधी वाजलेलीच नसते. पलीकडच्या बाजूशी बोलायची रीत कोणती, हे ठरवायचे जादा हुकूम मात्र प्रत्येक कंपनीने आपापले केले, आणि तिथे माहितीपुस्तिका हाताशी नसेल तर अडलंच. समान भाषा जिथे संपते तिथे किती गैरसोय होते, याचा तो चांगला धडा आहे. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मूळ भाषेला प्रमाणाचं रूप दिलं. आता ते व्ही.२५० या नावाने ओळखलं जातं.

आता त्या वगळलेल्या शांततेबद्दल. १९९८ च्या सुमारास चॅटवर भांडणारे लोक एकमेकांचं इंटरनेट तोडू लागले. तुमच्या संगणकाला ते एक पिंग पाठवत, ज्याच्या पोटात '+++' आणि लगेच 'एटीएच०' अशी अक्षरं असत. पिंगचा नियम असा की जे आलं ते जसंच्या तसं परत पाठवायचं. तुमचा संगणक इमानाने ते परत पाठवी, ते तुमच्याच मॉडेममधून बाहेर जाताना मॉडेम तीन अधिक पाहून हुकूम ऐकायला थांबे आणि पुढचा हुकूम वाचून फोन ठेवून देई. हेज कंपनीचं पेटंट पाळलेल्या मॉडेमला काही होत नसे, कारण मध्ये एक सेकंदाची शांतता नव्हती. स्वस्त मॉडेम पटापट पडत. उपाय सोपा होता: एस२ या कप्प्यात सुटकेच्या चिन्हाचा आकडा असतो, तिथे ४३ ऐवजी २५५ टाकायचा, म्हणजे ते चिन्हच बंद. हेज कंपनी स्वतः तोवर दिवाळखोरीच्या दारात दुसऱ्यांदा उभी होती. १९९९ मध्ये ती विकून संपली.

मोबाइल आला तेव्हा युरोपातल्या जीएसएम मानकांनी नवी भाषा काढली नाही, जुनीलाच अधिकचं चिन्ह लावून वाढवलं. 'एटी+सीएसक्यू' म्हटलं की सिग्नल किती ते येतं: ० ते ३१, आणि ९९ आलं तर मोजता येत नाही. 'एटी+सीआरईजी?' म्हटलं की नेटवर्कने आत घेतलं की नाही ते कळतं: १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर, ५ म्हणजे रोमिंगवर, २ म्हणजे शोधतो आहे, ३ म्हणजे नाकारलं. डोंगलचे दिवस आठवत असतील त्यांना '*९९#' आणि '#७७७' हे नंबरही आठवतील. ते कुणाचे फोन नव्हतेच, डोंगलमधल्या मॉडेमला 'डेटा सुरू कर' म्हणायची खूण होती.

मराठी एसएमएस पाठवायचा तर या भाषेच्या पोटात शिरावं लागतं. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि मॉड्यूलला अक्षरं दिसत नाहीत, प्रत्येकाचा चार अंकी युनिकोड आकडा द्यावा लागतो. 'मराठी' हा शब्द ०९२ई, ०९३०, ०९३ई, ०९२०, ०९४० असा जातो. काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. सत्तरची मर्यादा म्हणून आणखी तोकडी पडते. तरीही शेतकऱ्याच्या फोनवर त्याच्या भाषेत 'पंप बंद झाला' एवढं नीट पोचतं, आणि मला ती मेहनत मोलाची वाटते.

दिल्लीत या भाषेचा सर्वांत मोठा वापर आता कुणाच्या नजरेला पडत नाही. १ जुलै २००२ रोजी शहरातलं वीजवितरण तीन कंपन्यांकडे गेलं आणि मोठ्या ग्राहकांच्या मीटरांना मॉडेम लागू लागले. कारखान्याच्या भिंतीवरच्या पेटीत सिमकार्ड असलेला मॉडेम, त्याच्या एस० मध्ये एक. मुख्य कार्यालयातला संगणक त्याला फोन लावतो, पहिल्या घंटीला तो उचलतो, मीटरचे आकडे देतो. वाचायला माणूस जात नाही आणि आकडा बदलायची संधीही कुणाला मिळत नाही. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या, म्हणजे एनडीएमसीच्या, हद्दीत ईईएसएल या सरकारी कंपनीने बसवलेले स्मार्ट मीटर मोबाइल नेटवर्कवरूनच बोलतात. १ जानेवारी २०१९ पासून नोंदवल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. त्यांच्या आतही असंच मॉड्यूल असतं. बटण दाबल्यावर नियंत्रण कक्षापर्यंत खबर पोचते ती याच अक्षरांच्या आधाराने.

इतक्या उघड बोलणाऱ्या यंत्राचा धोकाही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही ओळख पुरी होणार नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ कंपन्यांच्या दोन हजारांहून अधिक अँड्रॉइड फर्मवेअर तपासल्या आणि त्यांत सुमारे ३,५०० एटी हुकूम सापडले. त्यांतले कित्येक कंपनीने कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेले. काही फोनांत यूएसबीची तार जोडून ते दिले की कुलूपबंद पडदा ओलांडता येई, पडद्याला बोट लागल्याचा भास करता येई. उपाय भाषा बंद करणं हा नाही. कारखान्यातून बाहेर पडताना कोणते हुकूम चालू राहतात याची यादी तपासणं हा आहे. नोएडा आणि ग्रेटर नोएडाच्या पट्ट्यात आज फोन मोठ्या संख्येने बनतात. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी ही जुनी भाषा शिकावी, असं मला म्हणूनच फार वाटतं.

आणि कॉलेजातल्या मुलांनी तर आधी हातानेच टाइप करावं. हल्ली तयार लायब्ररी घेऊन थेट प्रोग्रॅम लिहायची रीत आहे. प्रोग्रॅम अडकतो, काय झालं ते कळत नाही, आणि मॉड्यूल खराब म्हणून दुकानात परत जातं. खरं कारण बहुतेक वेळा वीज असतं: सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट हवेत आणि नेटवर्कशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. यूएसबीच्या बारीक तारेतून तेवढा येत नाही, मॉड्यूल नेटवर्क शोधता शोधता बंद पडून पुन्हा सुरू होतं. हाताने विचारलं तर एटी ला ओके येतं, सिग्नलचा आकडा येतो आणि नेमकं नोंदणीच्या वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होताना डोळ्यांना दिसतं. दुसरं कारण सिम. जिओचं नेटवर्क ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालं ते ४जीवरच, त्यात २जी नाही; जुन्या मॉड्यूलमध्ये ते सिम टाकलं तर सीआरईजी कधीच १ सांगणार नाही. त्यासाठी आता कॅट-१ जातीची ४जी मॉड्यूलं मिळतात, किंमत जास्त, वेग खाली येताना १० मेगाबिटपर्यंत. त्यांनाही पहिला हुकूम एटी असाच द्यायचा. फक्त नोंदणी विचारताना मध्ये एक 'ई' वाढतो, सीईआरईजी. उत्तरात १ किंवा ५ दिसला की पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.